रावजीमामांची साबणाची वडी

मी एक जुना प्लॉटर आहे, मित्रांनो. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मोठ्या कागदावर खऱ्या पेनाने रेघा ओढणारं यंत्र, म्हणजे मी. कागद मागेपुढे सरकवायचा आणि पेन डावीउजवीकडे पळवायचं, एवढंच माझं काम.

१९९४ साली मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात आलो. लाकडी खोक्यातून मला काढलं, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू माझ्या फटीत गेलं आणि पहिले चार दिवस माझ्या रेघा गुलाबी आल्या. तरी कौतुक केवढं! दुपारची भाकरी सोडून लोक मला बघायला यायचे.

सात वर्षांनी नवं सॉफ्टवेअर आलं. आता आधी पडद्यावर अख्खी वस्तू घडवायची, ती हवी तशी फिरवायची आणि मग तिची समोरून, वरून दिसणारी रूपं कागदावर मांडायची. हे काम उज्वलाताईंकडे आलं. त्यांचा साई तेव्हा सात महिन्यांचा होता. त्याला नाशिकरोडला सासूबाईंपाशी ठेवून त्या जीपने यायच्या. कारखान्याचे मालक हर्षलशेठ वाईट नव्हते, पण स्पष्ट बोलले होते, की बाळ लहान आहे, अर्धं लक्ष घरी राहणार, तर महिनाभर बघू आणि मग ठरवू.

त्या महिन्यात पंपाच्या ब्रॅकेटचं काम आलं. चाळीस नगांपुरतेच लोखंडाचे ठोकळे, जादा एकही नाही. ताईंनी ब्रॅकेट पडद्यावर सुरेख घडवलं, दोन रूपं मांडली, आणि मी ती कागदावर उतरवली. कागद गेला लोखंड कापणाऱ्या जुन्या कारागिराकडे, रावजीमामांकडे.

मामांची एक सवय होती. लोखंडाला हात लावण्याआधी ते कागद बघून कपड्याच्या साबणाच्या वडीतून तसाच नग चाकूने कोरायचे. पोरं चेष्टा करायची. मामा हसायचे, काम झालं की तो नग मोरीवर ठेवायचे, आणि आठवडाभर सगळे पंपाच्या भागांनी हात धुवायचे.

तासाभराने मामा वडी घेऊन आले आणि ताईंच्या टेबलावर ठेवली. ताईंनी वडीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. पडद्यावर ब्रॅकेटचा कान, म्हणजे बोल्ट घालायचा बाहेर आलेला भाग, पुढच्या अंगाला होता. साबणात तो मागच्या अंगाला.

"मी कागदापरमाणंच कोरलंय, ताई," मामा हळूच म्हणाले. "पण हा कान पंपाला बसायचा नाय. माझं चुकलं का कागदाचं?"

आपल्याकडची रीत अशी, की वस्तू वरून जशी दिसते ते रूप समोरच्या रूपाच्या खाली काढायचं. काही देशांत तेच वर काढतात. नव्या सॉफ्टवेअरमधला तयार कोरा कागद, म्हणजे रूपं आपोआप मांडून देणारा साचा, त्या परक्या रीतीचा होता, आणि तो बदलायचा राहून गेला होता. वर काढलेलं रूप मामांनी आपल्या रीतीने खालून बघितलेलं धरलं, आणि पुढचा कान मागे गेला. त्यांचं बरोबरच होतं.

"कागदाचं, मामा," ताई म्हणाल्या. "म्हणजे माझं."

मामांनी कुणाला सांगणार नाही म्हणून मान हलवली. पण ताई स्वतः उठून शेठांकडे गेल्या. मामा मागोमाग. मला दारातून सगळं ऐकू येत होतं. ताईंनी एकही गोष्ट गाळली नाही.

शेठांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती नग कापले?"

"एक," मामा म्हणाले. "साबणाचा."

शेठांना हसू आवरलं नाही. "महिना संपायची वाट नको बघायला, उज्वला, हे काम तुमचंच," ते म्हणाले. "चूक झाकणारे पुष्कळ मिळतात. तो कोरा कागद तेवढा कायमचा बदला."

ताई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि भरल्या डोळ्यांनी हसल्या. मग रीत बदलली, मी नवा कागद काढला, आणि साडेपाचची जीप त्यांना मिळाली.

पुढे माझ्या जागी शाईचा प्रिंटर आला. आता मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. माझ्यावर खडूंची खोकी ठेवतात. ठेवोत बापडे. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. कुणी तुमच्या कामावर शंका घेतली, तर रागावू नका. काप घालण्याआधी विचारणारा माणूस फार जपावा. आणि चूक आपली निघाली, तर ती आपल्याच तोंडाने सांगावी. त्या दिवशी घरी पोहोचल्यावर ताईंनी साईला मोकळ्या मनाने कुशीत घेतलं असणार. मला ते दिसलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या रेघा फार सरळ आल्या.