फुगीर धार

ज्या हिवाळ्यात सायत्राच्या पहिल्या लेकीचं बारसं झालं, त्या हिवाळ्यात बांबूच्या रानात धुकं उतरायचं ते दुपारपर्यंत उठायचं नाही. पहाट फिकट, सकाळ फिकट, उन्हाचीही कांती फिकट. बांबूची हिरवी बेटं त्या धूसर पाण्यात गळ्यापर्यंत बुडून उभी असायची. दिसायचे ते नुसते त्यांचे शेंडे, वाऱ्यावाचून हलणारे.

आणि वाऱ्यावाचून जे जे हललं, ते ते सायत्राला वाघीण वाटायचं.

वाघीण खरीच होती. सुवर्णपिवळी, कृष्णरेखांकित, दोन पिल्लांची ओली आई. आठवड्यापूर्वी दसरूचा, सायत्राच्या नवऱ्याचा, कोयता बांबूच्या पेरात रुतला होता. तो दोन्ही हातांनी ओढत राहिला, आणि पाठीमागच्या जाळीत काहीतरी गुरगुरलं. सोबतच्या गड्यांनी डबे बडवले म्हणून वाघीण वळली. दसरूने हे घरी हसत सांगितलं. सायत्राला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढून ते चित्र जाईना: धुकं, उघडी पाठ, आणि न निघणारं लोखंड.

"धार पातळ हाये, म्हणून रुतते," सासरे लहानू म्हणाले. "पोरानं वस्तरा करून ठेवला त्याचा. दिसाले बरा."

एके काळी साऱ्या टोल्याचे, रानाकाठच्या त्या वस्तीचे, कोयते लहानूंच्या हाताखालून जात. आता ते हात पिंपळपानासारखे थरथरत. म्हणून त्या सकाळी अंगणातल्या धारेच्या शिळेपाशी म्हातारा बसला तो नुसता सांगायला, आणि लोखंड धरलं सुनेने.

शिळेवर पाणी. पाण्यावर पातं. पात्यावर तिची थंडगार बोटं.

"नांगर धरल्यावाणी काऊन धरला, बाई? मनगट सैल सोड. पातं निजवून सुरू कर, अन् पुढं जाता जाता उचलत ने. झोपल्या लेकराले उचलते तसं."

ती निजवत गेली, उचलत गेली. निजवत गेली, उचलत गेली. सपाट उतार हळूहळू गोलावत चालला. मग जुन्या जोड्याचं कातडं आलं, त्यावर तेल, तेलावर नदीची बारीक वाळू. मऊ कातडं पात्याखाली दबायचं, दबून वर यायचं, आणि लोखंडाच्या दोन्ही गालांना गोलाई द्यायचं. शेवटी धार उजेडात धरली, तेव्हा ती मसुरीच्या दाण्यासारखी दोन्हीकडून फुगीर दिसली. लखलखाट नव्हता तिला. ढगाआडच्या चंद्रासारखं मंद, भरीव तेज होतं.

"आता हे बांबूत शिरंल, अन् शिरल्यावर बांबूलेच दूर सारंल," लहानू म्हणाले. "चिकटून बसणार नाई."

दसरू कमरेला पटका बांधत बाहेर आला. त्याने धार मनगटावरच्या केसांवर फिरवली. केस वाकले, उडाले नाहीत.

कुंपणाबाहेर वाट पाहणारा त्याचा जोडीदार पैकू खिदळला. "वहिनी, कोयता केला का पुरण घोटाचा उलथना?"

दसरूचा चेहरा उतरला. "बाबा, एवढ्या जाड्या धारेनं सांजवरी काय तोडू? थांब पैकू, दोन हात घासून येतो."

आणि तो शिळेकडे वळला.

सायत्राला सासऱ्यांसमोर नवऱ्याला उलटून बोलायची सवय नव्हती, आणि भीतीला तर जीभच नव्हती. तिने झोळीतलं तान्हं उचललं, अंगावरची गोधडी शिळेवर पसरली, आणि लेकीला त्या ओल्या, काळ्या दगडावर निजवलं.

टोल्याची रीत होती: ज्या दगडावर तान्हं निजलं, त्याला त्या दिवशी लोखंड लावायचं नाही.

दसरू बघत राहिला. बायकोची बोटं गोधडीच्या काठावर थरथरत होती, अगदी त्याच्या बापाच्या बोटांसारखी.

"उचल तिले," तो हळूच म्हणाला. "गारठंल. जातो मी असाच."

धुक्याने आधी पैकूला गिळलं. मग दसरूला.

मग उरले ते आवाज. रानात कोयते पडू लागले. पातळ धारांचे आवाज तीक्ष्ण, काचेसारखे. त्यांत एकच आवाज गोल होता, जड होता, ओल्या मडक्यावर थाप पडावी तसा. सायत्राने तो ओळखला. ती भाकरी थापत होती, तो ऐकत होती. ती लेकीला पाजत होती, तो ऐकत होती.

दुपारी डबे वाजले.

डबे, हाका, आरोळ्या. आणि मग काही नाही. सगळे कोयते थांबले. पाखरं थांबली. शुभ्र, निःशब्द, निराकार धुकं तेवढं अंगणाच्या काठाशी येऊन उभं राहिलं.

"बस, बाई," लहानू म्हणाले. त्यांचा आवाज त्यांच्या हातांसारखा झाला होता.

ती बसली नाही. लेकीचं तोंड छातीला तसंच, दूध आटल्यासारखं, आणि ती रानाकडे कान लावून उभी, जणू तिचा अख्खा देह एक कान झाला होता. तो गोल आवाज. तो जड आवाज. एकदा. फक्त एकदा.

किती वेळ गेला कोण जाणे. मग धुक्याच्या पोटातून, दुरून, ओल्या मडक्यावर थाप पडली. थांबून, आणखी एक.

सायत्रा मटकन खाली बसली आणि लेकीच्या कपाळावर कपाळ टेकून रडली.

सांजेला दसरू आला. हातपाय धुतले, चुलीपाशी बसला. जाळाकडे बघत म्हणाला, "आली होती. पार जवळ. घावात होता कोयता. ओढला, तं निघाला."

सायत्राने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

पुढे रोज सकाळी सायत्रा तशीच फुगीर धार लावायची, आणि रोज भिऊन लावायची. वाघीण पिल्लं घेऊन पल्याडच्या रानात गेली, तरी भिऊन लावायची.

दसरू वारला तो पुष्कळ वर्षांनी, चैत्रातल्या एका गुरुवारी, भर उन्हात, स्वतःच्या अंगणात, छातीत कळ येऊन. त्या दिवशी सकाळी मात्र सायत्राला कशाचीच भीती वाटली नव्हती.