नंबर नसलेलं इम्प्लांट

सुलक्षणाने काचेच्या वाटीतल्या मिठाच्या पाण्यात जुनं इम्प्लांट सोडलं आणि त्यावर नवा प्रोसेसर धरला. कानाच्या आत कायमचं बसवतात ते इम्प्लांट, कानामागे लावतात तो प्रोसेसर; दोघांचं जमलं तर बहिऱ्या माणसाला ऐकू येतं. नव्या प्रोसेसरने विचारलं, तू कोण? पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. जुन्याकडे सांगायला काही नव्हतंच.

"ओळखीचा नंबर आपणच काढून टाकला होता ना," सुबोध म्हणाला. तो आता तिचा बॉस, पण अंधेरीच्या या कंपनीत दोघे एकदमच लागलेले. "एकच मॉडेल होतं तेव्हा. म्हटलं, घरात एकच पोर, त्याला नंबर कशाला? बॅटरी तरी वाचेल."

बॅटरी वाचली होती, हे खरं. दोघांना बढतीही मिळाली होती.

जुने प्रोसेसर बनवणं आता बंद झालं होतं. नवा जर जुन्या इम्प्लांटशी बोलला नाही, तर जुनं इम्प्लांट असलेली माणसं हातातला प्रोसेसर बिघडेल त्या दिवशी पुन्हा बहिरी होणार होती. त्यांतलाच एक सुलक्षणाचा मुलगा चैतन्य. लहानपणी मेंदूज्वरात त्याचे कान गेले आणि आईच्याच कंपनीचं इम्प्लांट बसलं. ते बदलायला डॉक्टर तयार नव्हते. आत हाड भरत आलं होतं; जुनं काढलं तर नवं बसणार नव्हतं.

मीटिंगमध्ये सगळे तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. शेवटी टीममधली श्रुतिका धीर करून बोलली.

"मॅम, एक मार्ग आहे. जुन्या लोकांसाठी वेगळा प्रोसेसर काढू. विचारूनही उत्तर आलं नाही, की जुनं समजायचं आणि जुन्याला लागतो तेवढा जास्त करंट द्यायचा."

"हो म्हण ना, यार," सुबोध हळूच म्हणाला. "कुणी काही बोलणार नाही तुला."

हो म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं. पण तिला पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवला. या घरांमध्ये प्रोसेसर हातोहात फिरतात, एका बाळाचे कपडे दुसऱ्या बाळाला जावेत तसे. कुणाचा बिघडला की दुसरं कुणी आपला पडून असलेला पाठवून देतं. क्लिनिकला पत्ताही नसतो. चैतन्यचाही असाच घाटकोपरहून आलेला होता.

"तो वेगळा प्रोसेसर कुणीतरी नव्या इम्प्लांटवाल्या पोराला लावेल," ती म्हणाली. "घाम आला, प्रोसेसर धरून ठेवणारं चुंबक सरकलं, की नवंही कधी कधी गप्प बसतं."

"डब्यावर लिहू ना, लावू नका म्हणून."

"घाईत कुठली आई डब्यावरचं वाचते? मीसुद्धा वाचलं नव्हतं."

तेवढा करंट नव्या इम्प्लांटमधून गेला तर कानाची नसच जाणार, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"जुनी वगळा," ती म्हणाली आणि तिने सही केली. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि निर्णय बरोबर होता हे त्याहून वाईट.

नाहूरच्या घराचं दार तिने किल्लीने उघडलं, तेव्हा अजून ऊन होतं. एवढ्या लवकर ती कधीच येत नसे. चैतन्य ओट्याशी पाठमोरा कांदा चिरत होता.

"चैतू."

तो चिरतच राहिला. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. मग तिला तांदळाची डबी दिसली. दमट हवेत प्रोसेसर सुकवायला ते त्यातच ठेवत. तो आत होता.

तिची सावली ओट्यावर पडली तसा तो दचकला, आणि हात पुसून त्याने घाईघाईने प्रोसेसर कानाला लावला.

"अगं, आज लवकर?"

"लावत नाहीस तू?"

"लावतो की." तो ओशाळला. "तू यायच्या वेळेला. ऑफिसात ओठ बघून भागतं गं, उगाच कशाला झिजवायचा? तू पाठ करून बोलत असतेस, तेव्हा लागतो. तुझ्यासाठीच ठेवलाय."

सुलक्षणाने किल्ली ओट्यावर ठेवली.

"नवा प्रोसेसर जुन्या इम्प्लांटांना चालणार नाही, चैतू. मीच सही केली."

त्याने सुरी खाली ठेवली.

"का?"

"दुसऱ्या कुणाच्या पोराचे कान गेले असते."

त्याने मान डोलावली. ओठ मात्र थरथरत होते, आणि ते लपवायला तो पुन्हा कांद्याकडे वळला.

तिने त्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. त्याच्या कानामागचा प्रोसेसर अलगद काढला, डबीत ठेवला, झाकण लावलं. मग स्टूल ओढून ती खिडकीशी, त्याला ओठ दिसावेत अशी उजेडाकडे तोंड करून बसली. बोलायला तोंड उघडलं खरं, पण आवाज काढायचा की नाही, तेच तिला कळेना.

"बोल," चैतन्य म्हणाला, नको इतक्या मोठ्याने.