कावळ्यापुढची कबुली

कसबा बावड्याच्या स्मशानात त्या सकाळी नेहमीसारखेच रक्षाविसर्जन होते. माणसे दुचाक्या लावून येत होती, हात जोडून भिंतीकडेला उभी राहत होती. पानावर यशराजच्या आवडीचा भडंग होता, दहीभात होता. फक्त कावळा शिवत नव्हता.

यशराज मालवाहू जहाजावर अधिकारी होता. जहाज बुडाले तेव्हा पहाऱ्याची पाळी त्याचीच होती. अकरा माणसे गेली. त्याचा देह सोळा दिवसांनी घरी आला. त्याआधीच सरकारी पत्र आले होते : चौकशी सुरू आहे, अहवाल येईपर्यंत कारणाबद्दल कुणीही तर्क करू नये.

कावळा भिंतीवर बसून चोच घासत होता.

"नवी गाडी घ्यायची म्हनत हुता. घिऊ म्हना की!" कुणीतरी सुचवले. गाडीही कबूल करून झाली. कावळा हलेना.

यशराजच्या आईची, आक्काची, नणंद धोंडुबाई पुढे सरली. "गाडीचं न्हाय ते. शेवटचा फोन बायकूचा हुता. ड्युटीवर असताना भांडली असणार. निशिगंधा, काय बोल्लीस ते कावळ्याम्होरं सांग, माफी माग. मग बघ शिवतोय का न्हाय."

निशिगंधाचे ओठ हलले. सारी माणसे ऐकायला वाकली.

फोनची गोष्ट धोंडुबाईला आक्कानेच रडता रडता सांगितली होती. लेकाचा शेवटचा आवाज आपल्याला नाही, सुनेला मिळाला, एवढ्याच दुःखाने. गल्लीने चार दिवसांत त्याचे भांडण केले होते.

तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा आकाराम उसाच्या ट्रॉलीखाली गेला, तेव्हा याच भिंतीशी तिला विचारले होते : सकाळी नवऱ्याला काय बोललीस? भाजीत मीठ कमी पडल्यावरून बाचाबाची झाल्याचे तिने कबूल केले होते. पुढे तपासात ट्रॉलीचा आस तुटल्याचे निघाले. पण बोललेला शब्द मागे घ्यायला तिच्या दारात कुणी आले नाही. अजूनही भाजीत मीठ घालताना तिचा हात थबके.

"वन्सं, सोडा तिला," आक्का म्हणाली. "फोनचं मीच सांगितलं, चुकलं माझं. भांडनाचं मी बोल्ले न्हाय. मला ठावं न्हाय, तुमालाबी न्हाय."

"मग कावळा का शिवंना?"

"ते कावळ्याला ठावं. जहाज का बुडालं ते चौकशीवालं सांगतील. तवर ह्या पोरीवर कुनी बोट दावायचं न्हाय. निवद गायीला घाला."

"वयनी, लेक अडकंल तुजा!"

आक्काने एकदा कावळ्याकडे पाहिले. मग सुनेचा हात धरून ती रस्त्याकडे वळली.

परतताना, उसाच्या कडेने चालता चालता, निशिगंधा म्हणाली, "आत्ती, फोनवर मी त्यांना..."

"नगं!" आक्का सासूच्या नव्हे, घाबरलेल्या बाईच्या आवाजात म्हणाली. "साहेब इचारतील तवा त्यास्नी सांग, हाय तसं. मला नगं."

विचारायचे तर तिला होतेच. पावलागणिक तो प्रश्न जिभेवर येत होता आणि ती गिळत होती. मागे, भिंतीच्या बाजूला, कावळा ओरडला. आक्काची मान अर्धी वळली. मग सुनेच्या हातावरची पकड घट्ट करून ती पुढे चालू लागली.