सात फेऱ्यांचं शिंगरू

बात्माकानच्या अंगणात सकाळपासून बायकांची झुंबड उडाली होती. कुणी नारिन नदीच्या पलीकडून घोड्यावर आली होती, कुणी कडेवर मूल घेऊन. पोटातल्या बाळाच्या काळजाच्या टापा घरभर ऐकू येतात म्हटल्यावर घरी कोण बसणार?

"तुमच्या बाळाच्या काळजाचं शिंगरू आभाळात चरतंय!" बात्माकान ओरडत होती. "घराला सात फेऱ्या मारा, म्हणजे उधळत खाली येईल! पाय उचला गं, आभाळ काय तुमच्यासाठी खोळंबून बसलंय?"

तुर्दुगुलची पाचवी फेरी चालू होती. नववा महिना संपत आला होता, धाप लागली होती, आणि काल दुपारपासून बाळ हललं नव्हतं. सकाळी तिने हे सासूला सांगितलं. सुईण शरिपाकडे जाऊ या, असंही कसंबसं म्हणाली.

"सुईण कशाला? घरची आत्या आहे की," सासू झुरा म्हणाली, आणि विषय संपला. बात्माकान सासऱ्यांची थोरली बहीण. तिच्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, तिला पाठ दाखवायची नाही. नवरा मेंढरं घेऊन दूरच्या कुरणावर गेलेला. तुर्दुगुलने दाद मागायची तरी कुणाकडे?

सातवी फेरी संपताच तिला गादीवर आडवं केलं. बात्माकानने पोटावर मेंढीच्या शेपटीची चरबी चोपडली, वर एक नक्षीदार लोकरी पिशवी टेकवली, आणि कोपऱ्यातल्या पेटाऱ्यातून आवाज घुमला. टपटप, टपटप, टपटप.

"उतरलं! चांगला घोडेस्वार जन्माला येणार बघ!" बात्माकान गरजली. बायकांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवून दुवा दिली. झुराच्या डोळ्यांना तर धारच लागली.

तुर्दुगुल मात्र टापा मोजू लागली. गळ्याशी घट्ट बांधलेल्या रुमालाखाली एक शीर उडत होती. पेटाऱ्यातली टाप आणि ती शीर, दोन्ही एकाच क्षणी. एकदा, दहादा, वीसदा. म्हणजे हे आपलंच काळीज. मग बाळाचं कुठे आहे? तिला किंचाळावंसं वाटलं. पण भोवती तीस-चाळीस बायका, उशाशी सासू, पोटावर आत्याचा हात.

तेवढ्यात शरिपा दारात उभी राहिली. ती तुर्दुगुलला तपासायला तिच्या घरी गेली होती, तिथे शेजारणीने इकडे पिटाळलं.

"काय गं, बाळ हलतंय ना?"

"ऐकू येत नाही का तुला?" बात्माकान फिस्कारली. "चौखूर उधळलंय! तुझ्या लाकडी पुंगळीतून ऐकलंयस कधी एवढं?"

"मी पोरीला विचारलं."

"आत्यासमोर सुना बोलतात होय?"

तुर्दुगुल बोलली नाहीच. तिने शरिपाचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

शरिपाचा चेहरा पालटला. "पिशवी तशीच राहू द्या. झुराताई, सुनेचं मनगट धरा. आता टापा ऐका."

झुराने धरलं. तिचे ओठ हलत होते. "अगं बाई! हे तर एकदमच पडतंय!"

"योगायोग!" बात्माकान म्हणाली.

"बरं. तुर्दुगुल, सावकाश श्वास घे."

दोन मिनिटांत मनगटातली नाडी मंदावली. पेटाऱ्यातल्या टापाही मंदावल्या.

"शिंगरू दमलं वाटतं," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि बायका फिदीफिदी हसल्या. बात्माकानने पिशवी झटकन उचलली.

शरिपा हसली नाही. तिने लाकडी नळीचं एक तोंड पोटावर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला, एक बोट तुर्दुगुलच्या मनगटावर ठेवलं आणि घड्याळावर नजर रोखली. नळी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. तुर्दुगुलला तो वेळ संपता संपेना.

"सापडलं. आईच्या नाडीहून वेगळं पडतंय, म्हणजे बाळाचंच. जिवंत आहे. पण मिनिटाला ठोके नव्वदच्या आसपास आहेत, निदान एकशेदहा तरी हवेत. बाळ कासावीस झालंय. गाडी काढायला सांगा."

बात्माकान दारात आडवी झाली. "मला पाठ दाखवून गेलीस, तर पुढचं मी जाणत नाही!"

तुर्दुगुलने झुराकडे पाहिलं. झुराने आपल्या नणंदेला दंडाला धरून बाजूला केलं. तुर्दुगुल पाठ फिरवून चालू लागली.

तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत कळा सुरू झाल्या. तिथे तिच्या पोटाला बाळाचे ठोके टिपणारे पट्टे बांधले. कागदावर रेघ उमटू लागली. प्रत्येक कळेनंतर रेघ खाली कोसळत होती आणि वर यायला फार वेळ घेत होती. डॉक्टरांनी ती पाहिली आणि लगेच शस्त्रक्रियेला घेतलं. मुलगी झाली. रडायला तिने जरा वेळ लावला, मग दवाखाना डोक्यावर घेतला.

इकडे गावात बायकांनी ती पिशवी उसवली. आत मुठीत मावणारं, काळजाचे ठोके ऐकायचं यंत्र निघालं, त्याचं तोंड पिशवीच्या तळाच्या भोकातून थेट पोटाला टेकणारं. तार गादीखालून पेटाऱ्यातल्या स्पीकरला जोडलेली. "यंत्र खरंच आहे," शरिपाने नंतर त्यांना समजावलं. "पण बाळाचं काळीज हुडकायला शिकलेला हात लागतो. आईची शीर कुणालाही सापडते. स्वस्थ बसलेल्या आईची ऐंशी-नव्वदने चालते, ती बाळाची म्हणून कशी खपेल? म्हणून आधी पळवायचं, म्हणजे ती बाळाच्या काळजाइतकी जलद पडते. आणि चरबी लावायची ती मध्ये हवा राहू नये म्हणून. दवाखान्यात मलम लावतात, तसंच."

पाळण्याच्या दिवशी बात्माकान पहिल्या पंगतीला हजर. "माझ्या सात फेऱ्यांनीच पोर वाचली हो!"

तुर्दुगुलने मान वर केली. "आत्या, त्या दिवशी तुम्ही मला माझंच काळीज ऐकवलंत. हिचं कुणी ऐकतच नव्हतं."

झुराने नातीला पाळण्यात ठेवलं आणि एरवी सून सगळ्यांना देते तो चहा सगळ्यांसमोर सुनेच्या हातात दिला.

तर बायांनो, आभाळातून टापा ऐकू आल्या तर आधी आपल्या मनगटावर बोट ठेवा आणि मोजा. आणि पोटातलं बाळ हलेनासं झालं, तर मोजत बसू नका, फेऱ्या मारू नका, तडक दवाखाना गाठा. त्यासाठी कुणाला पाठ दाखवावी लागली तर खुशाल दाखवा.