भिंतीलगतचा भुईआवळा

काढ्याला उकळी फुटली की तिला नवऱ्याचा आवाज ऐकू यायचा. "नको गं आता, पोटात ढवळतंय." जाऊन वर्ष झालं तरी माणसाची कटकट काही सुटली नव्हती. "तुमचं ऐकलं असतं तर आणखी आधीच गेला असतात," ती पातेल्याकडे बघत पुटपुटायची.

नवरा बॅटऱ्या फोडून शिसं काढायच्या कारखान्यात होता. शिसं रक्तात भिनलं आणि लिव्हरनं हात टेकले. आता त्याच भट्टीवर मुलगा उभा राहत होता. त्याच्याही हिरड्यांवर बापासारखीच शिशाची निळसर रेघ उमटलेली तिला दिसली. एकाला मुकली होती, दुसऱ्याला ती जाऊ देणार नव्हती. मग बापाला द्यायची तसाच त्यालाही रोज सकाळी भुईआवळ्याचा पेलाभर काढा सुरू झाला, आणि तोही साधासुधा नाही. भुईआवळा काय, कुठेही उगवतो. ती पाला आणायची तो कारखान्याच्या मागच्या भिंतीलगतचा. जे रोप शिशाच्या दारात तरारून उभं राहतं ते शिशाला पुरून उरणारच, असं तिचं गणित. एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांना एवढंही सुचू नये!

मुलगा मास्क लावायचा, कामावरच अंघोळ उरकून घरी यायचा. तरी रक्तातलं शिसं चढतच होतं. शेवटी लॅबवाल्या बाईनं विचारलं, "घरी काय खातो-पितो हा?" तिनं मोठ्या तोऱ्यात काढ्याची बाटली पुढे केली.

आठवड्यानं बाईनं तिला आत बोलावून खुर्ची दिली.

"काकू, भुईआवळ्याचा दोष नाही. पण त्या भिंतीखालून कारखान्याचं धुण्याचं पाणी झिरपतं. रोपानं शिसं शोषलंय, पाल्यावर धूळ बसलीय ती वेगळीच. उकळून ते जात नाही. काढा आजपासून बंद करा, आणि त्याचं भट्टीवरचं कामही."

ती घरी कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. शेवटच्या दिवसांत नवरा दात आवळून धरायचा. तिनं नाक दाबून पाजलं होतं त्याला. वर त्यालाच हट्टी म्हणाली होती.

दुपारी मुलगा आला. तिनं काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. त्यानं आरडाओरडा करावा, पेला भिरकावून द्यावा, असं तिला फार वाटत होतं.

"मला किती महिने झाले?" त्यानं विचारलं.

"सात."

"आणि बाबांना?"

"नऊ."

त्यानं उजव्या बरगडीखाली, लिव्हरपाशी, हळूच हात ठेवला, आणि तिच्याकडे न बघता जरा लांब सरकून बसला.