खाडीतलं बिऱ्हाड

"हा खुंट आमचा हाय. दोर सोड," पार्वती धक्क्यावरून म्हणाली.

वनमालाने होडीच्या दोराची गाठ आणखी आवळली. "माझ्याकडे बंदर खात्याचा कागद आहे."

"कागद तुझ्याकडं, खाडी आमच्याकडं."

पार्वती म्हणजे कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या बायकांची पुढारी. तिचंही अगदीच खोटं नव्हतं. "आज तू आलीस, उद्या तुझ्या मागनं शेठ लोकांच्या बोटी येतील. मंग आमच्या होड्या कुठं लावायच्या?"

वनमालाला पाठ टेकायला जागा हवी होती, एवढंच.

अठ्ठावीस वर्षं तिने चारकोपच्या एका गाळ्यात ताडपत्र्या शिवल्या. एका नौकानयन क्लबची फाटकी शिडंही तिच्याच मशीनवर यायची. क्लबने एक जुनी शिडाची होडी भंगारात काढायची ठरवली, तेव्हा मजुरीऐवजी तिने ती होडीच मागून घेतली. देवगडला तिच्या वडिलांचा मासेमारीचा मचवा होता; वारा ओळखायला ती लहानपणीच शिकली होती. होडीच्या भेगा तिने स्वतः बुजवल्या, उरलेल्या कापडाचं शीड शिवलं. एक स्टोव्ह, एक गादी, पाण्याचे दोन कॅन. झालं बिऱ्हाड. आज तिसरा दिवस.

पाणी भरायला ती नाक्यावरच्या नळावर गेली. परत आली तर खुंट रिकामा होता. ओहोटीने ओढत नेलेली होडी खाली दोन-अडीचशे पावलांवर, तिवरांच्या कडेला चिखलात कलंडून पडली होती. जाळी निवडणाऱ्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

वनमालाने कॅन खाली ठेवले, साडी खोचली आणि चिखलात उतरली. कधी गुडघ्याएवढा, कधी मांडीएवढा. होडीपाशी पोचेपर्यंत तिच्या पायांना शिंपल्यांनी कापलं होतं. आत पाणी शिरलं होतं. गादी भिजून दगड झाली होती. तिने टोपाने पाणी उपसायला घेतलं.

कोणीतरी फोन केला असावा. तासाभरात सिद्धेश, तिचा मुलगा, तिवरांपाशी येऊन उभा राहिला. पायांत ऑफिसचे बूट. तो चिखलात उतरला नाही.

"आई, बस झालं आता. चल घरी."

"घरी कुठे?"

"कुठे म्हणजे? सोसायटीतले मला विचारतात, आईला हाकललंस काय म्हणून. वाट लावलीस तू माझी."

"मग सांग त्यांना, हाकललं नाही. थोडं सरकवलं."

चारकोपची खोली वनमालाने त्याच्या लग्नात त्याच्या नावावर केली होती. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायची आणि सकाळी पाणी भरताना सून श्रुतिका तिला ओलांडून जायची. मूल होणार म्हटल्यावर सिद्धेशच म्हणाला होता, "आई, तू गावाला जा ना." गावचं घर दिरांचं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"तुला लोकांसमोर मला मान खाली घालायला लावायचंय," तो म्हणाला.

"मला होडी सरळ करायची आहे. भरतीपर्यंत थांबतोस?"

त्याने घड्याळ पाहिलं. "मला काम आहे," म्हणाला आणि गेला.

तिने ऊन डोक्यावर घेतलं. तिरप्या फळ्यांवर पाय रोवून दुपारपर्यंत बसून राहिली. मग पाणी चढू लागलं. होडी एकदा करकरली, हलली, सरळ झाली. समुद्राकडून वारा सुटला होता. तिने शीड चढवलं, सुकाणू धरलं, आणि भरतीबरोबर होडी वर सरकू लागली. धक्क्यावरच्या बायका आता उघड बघत होत्या. एक म्हातारा खलाशी विडी विझवून उभा राहिला.

वनमालाने होडी त्याच खुंटाला आणून लावली.

"परत सोडू आम्ही," पार्वती म्हणाली. आवाजात राग तसाच होता.

"मी परत आणीन."

पार्वती थुंकली आणि टोपली उचलून चालू लागली.

वनमालाने गाठ मारली, भिजलेली गादी उन्हात पसरली. मग होडीच्या काठावर बसून टोपभर खाडीचं पाणी घेतलं आणि दोन्ही पायांचा चिखल, घरात शिरताना धुवावा तसा सावकाश धुतला. पायांच्या कापांतून रक्त येत होतं. ते थांबेपर्यंत तिने पाय आत घेतले नाहीत.