बापाचा रकाना

मधमाशीचा जीनोम वाचायला आम्ही प्रयोगशाळेत नर घेतो. तो फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला आई असते, बाप नसतो, म्हणून वाचायला सोपा. नमुन्याच्या फॉर्मवर बापाचा रकाना कोराच सोडायचा.

हा नर माझ्या बाबांच्या पेटीतला. डबी हातात देताना म्हणाले होते, "घे, आयतोबा आहे नुसता."

सकाळी दादाचा फोन आला, बाबा गेले. दूध नासलं असं कळावं तसं मी "बरं" म्हणाले आणि गोठवलेला नर खलात कुटू लागले.

"अगं, घरी जा की!" फोनवरचं ऐकून प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

"वितळला तर वाया जाईल."

मग फॉर्म भरून दिला. मॅडमनी वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. बापाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, बाबांचं पूर्ण नाव होतं.